वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचा इंडिकेटर स्विच

गाडीच्या इंडिकेटरविषयी आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते काम स्टिअरिंगचे चाक उतरवून करायचे आहे आणि अशा कामाची अर्धवट माहिती देणे बरोबर नाही.

प्रश्न : आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि अमळनेर ते जळगाव, कधी चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढून पुढे, असा तिचा प्रवास अजूनही चालू आहे. गेल्या उन्हाळ्यापासून डावा इंडिकेटर दांडी हाताने दाबून धरली तरच लागतो, सोडली की बंद होतो. उजवा लागतो, परंतु वळण संपल्यावर दांडी आपोआप मागे येत नाही. हॅझर्डचे बटण दाबल्यास चारही दिवे नीट उघडझाप करतात. एका कारागिराने फ्लॅशर, म्हणजे दिव्यांची उघडझाप घडवणारा भाग, बदलला, त्याने फरक पडला नाही. दुसऱ्याने स्टिअरिंगचे चाक हातोडीने ठोकून काढावे लागेल असे सांगितले, तेव्हा मी गाडी परत आणली. मला हत्यारांची सवय आहे. हा स्विच घरी बदलता येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण गाडी परत आणलीत हे उत्तम झाले. हातोडी का चालवू नये ते पुढे येईलच. परंतु त्याआधी दोष स्विचमध्येच आहे याची खात्री करून घेतली पाहिजे, कारण स्टिअरिंगचे चाक उतरवणे हे अंदाजाने करण्याचे काम नव्हे. सुदैवाने निदानासाठी लागणारी जवळजवळ सर्व माहिती आपल्या पत्रातच आलेली आहे.

बॅटरीतून निघालेला प्रवाह इग्निशन स्विच, फ्यूज आणि फ्लॅशर यांतून इंडिकेटरच्या स्विचपाशी येतो, तेथे दांडीच्या स्थितीप्रमाणे डाव्या किंवा उजव्या तारेत शिरतो, त्या बाजूचे पुढचे व मागचे बल्ब पेटवतो आणि गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थमधून, बॅटरीकडे परततो. हॅझर्डचे बटण याच बल्बना प्रवाह देते, मात्र दांडीच्या कॉन्टॅक्टना, म्हणजे स्विचमध्ये एकमेकांना टेकून प्रवाह जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांना, वगळून. त्यामुळे हॅझर्ड लावल्यावर चारही दिवे लागतात याचा अर्थ बल्ब, त्यांची होल्डर, त्यांचे अर्थ आणि फ्लॅशर हे सारे ठीक आहे. उजवा इंडिकेटर लागतो याचा अर्थ इंडिकेटरचा फ्यूजही शाबूत आहे. एवढी तपासणी केली असती तर फ्लॅशरचा खर्च वाचला असता. हॅझर्डचे बटण दाबून पाहण्यास पैसा लागत नाही, म्हणून इंडिकेटरची कोणतीही तक्रार आली तरी पहिली कृती तीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

आता उरतो तो स्विच. दांडी दाबून धरल्यावर डावा दिवा लागतो, कारण हाताच्या दाबामुळे झिजलेले कॉन्टॅक्ट कसेबसे जुळतात. दांडी जागच्या जागी राहावी म्हणून आत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाशी छर्रा किंवा प्लॅस्टिकची टोपी असते. ती ज्या खाचेत बसते ती डाव्या बाजूची खाच गुळगुळीत झालेली दिसते. उजवीकडून दांडी परत येत नाही, हा मात्र वेगळा दोष आहे. चाकाच्या मागे शाफ्टबरोबर फिरणारा एक उंचवटा असतो. आपण दांडी टाकली की स्विचमधील प्लॅस्टिकची एक लहान जिभली त्या उंचवट्याच्या वाटेत येते. वळण घेताना उंचवटा तिला नुसता चाटून जातो, परंतु चाक उलट फिरून सरळ होऊ लागले की तो जिभलीला ढकलतो आणि दांडी खाचेतून सुटून मध्यावर येते. ही जिभली तुटली, वाकली किंवा झिजली की दांडी जिथल्या तिथे राहते.

या दोषाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, आणि ते मला अतिशय चिंतेचे वाटते. इंडिकेटर मुळीच लागला नाही तर मागचा चालक निदान सावध राहतो. वळण संपूनही तो चालूच राहिला तर मागच्याला खोटी सूचना मिळते. जळगाव-धुळे महामार्गावर मागून ट्रक येत असताना, किंवा कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरला ओलांडून आपण डाव्या मार्गिकेत परतल्यावरही उजवा दिवा तसाच लुकलुकत असेल, तर मागच्याने त्यावरून काय समजावे? म्हणून दोष डाव्या इंडिकेटरचा आणि उजवा चालेल तसा चालू द्यावा, असा विचार करू नये. संपूर्ण स्विच बदलावा.

स्विच का गेला, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच्या वयात आणि आपल्याकडील उन्हात आहे. एका बाजूचे २१ वॉटचे दोन बल्ब आणि असल्यास बाजूचा ५ वॉटचा लहान बल्ब मिळून १२ व्होल्टला सुमारे ४ अँपिअर प्रवाह त्या कॉन्टॅक्टमधून जातो. कॉन्टॅक्ट झिजले किंवा काजळले की तेथील रोध वाढतो, रोधामुळे उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने भोवतालचे प्लॅस्टिक आणखी ढिले पडते. त्यातच मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड व स्टिअरिंग यांचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही बरेच चढते. अशा उन्हाळ्यांत प्लॅस्टिक ठिसूळ होते, आतले ग्रीस सुकते आणि काळ्या जमिनीची बारीक धूळ त्यात बसून त्याची कानस होते. नवा स्विच बसवल्यावर गाडी सावलीत उभी करावी. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून जाड कापड तरी लावावे.

तुटलेली जिभली चिकटद्रव्याने जोडण्याचा प्रयत्न करू नये. तिच्यावर प्रत्येक वळणाला जोर येतो, जोड टिकत नाही आणि तुटलेला तुकडा आत अडकला तर दांडी भलत्याच वेळी अडून बसते. कॉन्टॅक्ट क्लीनरने कॉन्टॅक्ट स्वच्छ केल्यास डावा दिवा काही काळ लागेलही, परंतु झिजलेली खाच त्याने भरून येणार नाही. पेट्रोलने स्विच धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीत आगीचा धोका आहे आणि प्लॅस्टिकचेही नुकसान होते.

नवा स्विच घेताना घाई करू नये. मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती आणि या काळात तिच्या वायरिंगमध्ये व आतील मांडणीत बदल होत गेले. इंडिकेटर, हेडलाइट, डिपर आणि वायपर यांच्या दांड्या मिळून कॉम्बिनेशन स्विच होतो, त्यामुळे केवळ ‘एट हंड्रेडचा स्विच द्या’ एवढे सांगून भागत नाही. आधी कॉलमचे, म्हणजे स्टिअरिंगचा शाफ्ट ज्यातून जातो त्या नळीचे, खालचे आवरण सोडवावे, कपलरचे (स्विचच्या तारा गाडीच्या तारांना जोडणाऱ्या खटक्याच्या जोडाचे) आणि तारांच्या रंगांचे स्पष्ट फोटो काढावेत, कपलरमधील पिना मोजाव्यात आणि ते फोटो घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या सुट्या भागांच्या दुकानात जावे. कपलर हुबेहूब जुळत असेल तरच स्विच घ्यावा. तारा कापून टेपने जोडून देतो असे कोणी म्हणाल्यास नकार द्यावा. हेडलाइटचा प्रवाहही याच स्विचमधून जात असेल, तर तसा जोड स्टिअरिंगखाली तापत राहतो आणि तेथून आग लागू शकते.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पुढची चाके अगदी सरळ ठेवावीत आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून बाजूला करावे. चाकाच्या मध्यावरील हॉर्नचे पॅड काही गाड्यांत मागून स्क्रूने धरलेले असते, काहींत नुसते दाबून बसवलेले असते. आधी मागच्या बाजूने स्क्रू शोधावेत आणि नसतील तरच पॅड हलक्या हाताने उचलावे. हॉर्नची तार काढल्यावर मधला नट दिसेल. नट सैल करण्यापूर्वी शाफ्ट आणि चाक यांवरून जाईल अशी एक रेघ रंगाने किंवा टोकदार खिळ्याने मारून घ्यावी. चाक दातेरी शाफ्टवर बसते, आणि परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी गाडी सरळ जात असताना चाक वाकडे दिसते आणि आपोआप मागे येण्याची यंत्रणा दोन्ही बाजूंना सारखी चालत नाही.

नट सोडताना चाक फिरू नये म्हणून किल्ली काढून स्टिअरिंग लॉकवर भार टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये; लॉकचा खिळा लहान असतो आणि तो वाकला किंवा तुटला तर दुरुस्ती भलतीच वाढते. चाक दुसऱ्या माणसाने घट्ट धरावे आणि आपण बॉक्स पान्याने नट सोडावा. नट पूर्ण काढू नये, दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. घट्ट बसलेले चाक अचानक सुटते तेव्हा ते ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. नट जागेवर असेल तर तेथेच अडते. हाताने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवून चाक निघाले नाही तर पुलर, म्हणजे बोल्ट आवळून चाक सरळ ओढून काढणारे हत्यार, लावावा. चाकाच्या मध्यभागी त्यासाठी बहुधा आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट गरजेपुरतेच आत घालावेत, कारण फार खोल गेल्यास ते मागच्या स्विचवर टेकतात आणि त्याला फोडतात.

हातोडीचा प्रश्न इथेच येतो. शाफ्टच्या टोकावर घाव घातल्याने आटे चेपतात, घावाचा धक्का कॉलमच्या बेअरिंगपर्यंत जातो, आणि याहून गंभीर गोष्ट अशी की अपघातात चालकाच्या छातीवरचा आघात कमी व्हावा म्हणून पुष्कळ गाड्यांचा कॉलम दाब येताच आत सरकेल असा बनवलेला असतो. हातोडीने त्याचे नाजूक जोड तुटले तर बाहेरून काहीच दिसत नाही, परंतु स्टिअरिंगमध्ये कायमची सैल जागा निर्माण होते. पुलर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळतो. तो मिळेपर्यंत काम थांबवावे.

चाक निघाल्यावर कॉलमच्या आवरणाचे दोन्ही भाग स्क्रू काढून वेगळे करावेत. जुन्या प्लॅस्टिकच्या कडा तडकतात, म्हणून जोर न लावता राहून गेलेला स्क्रू शोधावा. स्विच कॉलमवर दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याच्या तारा खाली कुठून जातात, कोणत्या क्लिपमध्ये धरल्या आहेत, याचा आणखी एक फोटो काढून मग कपलरची खुंटी दाबून तो सोडवावा. तारा धरून ओढू नये. नवा स्विच जुन्याशेजारी ठेवून भोके, तारांची लांबी आणि जिभलीची जागा पुन्हा एकदा ताडून पाहावी. तारा मूळ मार्गानेच न्याव्यात, जेणेकरून स्टिअरिंग फिरताना किंवा आवरण बंद होताना त्या चेपणार नाहीत.

आवरण लावण्यापूर्वीच बॅटरी जोडून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, पार्किंग दिवे, हेडलाइट, डिपर आणि वायपर तपासून घ्यावेत आणि पुन्हा बॅटरी सोडवावी. हॉर्नच्या कॉन्टॅक्टची चकती पुसून तिला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. यानंतरची एक गोष्ट निर्णायक आहे : चाक बसवताना इंडिकेटरची दांडी मध्यावर असलीच पाहिजे. ती डावीकडे किंवा उजवीकडे टाकलेली असताना चाक दाबले तर उंचवटा जिभलीवर बसतो आणि नवा स्विच पहिल्याच दिवशी मोडतो. रेघा जुळवून चाक बसवावे, स्प्रिंग वॉशर शक्यतो नवा घालावा आणि नट गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावा. टॉर्क पाना नसेल तर एवढ्या कामासाठी जाणत्या मेकॅनिकला घरी बोलवावे. गाडीतील सर्व नटांमध्ये हा नट असा आहे की ज्याच्याबाबत ‘घट्ट वाटतो’ हे पुरेसे नाही.

शेवटी मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळणे घ्यावीत. दांडी दोन्हीकडून परत येते ना, सरळ जाताना चाक सरळ दिसते ना, चाक फिरवताना हॉर्न आपोआप वाजत नाही ना, एवढे पाहून मगच रस्त्यावर जावे. हत्यारांची सवय असलेल्या माणसाला हे काम निश्चित जमेल.

प्रश्न : मी माझ्या जुन्या गाडीत इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी बसवले. तेव्हापासून ते फार वेगाने लुकलुकतात. स्विच खराब झाला असेल का? गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरणही जवळ आले आहे.
— एक वाचक, शहादा

उत्तर : स्विचचा यात दोष नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्बमधून किती प्रवाह जातो यावर लक्ष ठेवतो, आणि प्रवाह कमी झाला की एखादा बल्ब गेला आहे असे समजून चालकाला कळावे म्हणून वेग वाढवतो. एलईडीला मुळातच कमी प्रवाह लागतो, त्यामुळे फ्लॅशरची फसगत होते. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर बसवणे हा एक उपाय आहे. मूळचे २१ वॉटचे बल्ब परत लावणे हा दुसरा, आणि जुन्या गाडीसाठी मी तोच सुचवेन. जुन्या दिव्याचा परावर्तक तंतूच्या बल्बसाठी आखलेला असतो, त्यात एलईडीचा प्रकाश नीट पसरत नाही आणि भर दुपारच्या उन्हात तो मागच्याला दिसतच नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचाच असावा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी, हे घड्याळ लावून घरीच मोजता येते. मूळ बल्ब लावूनही एकच बाजू वेगाने लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. इंडिकेटरच्या तालावर मागचा लाल दिवाही मंद-प्रखर होत असेल तर मागच्या दिव्याचा अर्थ गंजलेला आहे. तो खरवडून स्वच्छ केल्याशिवाय कोणताही नवा भाग विकत घेऊ नये.

प्रश्न : माझी गाडी २०२० सालची आहे. वायपर-इंडिकेटरची दांडी सैल झाली आहे. यूट्यूबवर पाहून मी स्वतः चाक उतरवू शकतो का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही, कृपया उतरवू नये. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली असल्यामुळे आपल्या चाकाच्या मध्यावर ती निश्चितच असणार. ती स्फोटक घटकाच्या साह्याने क्षणार्धात फुगते. चुकीच्या वेळी फुगली तर समोर वाकलेल्या माणसाचा चेहरा, मान आणि हात यांना गंभीर इजा होते. शिवाय तिच्याकडे प्रवाह नेणारी गुंडाळीची पट्टी चाकामागे असते, आणि ती मध्यापासून सरकवून बसवली तर पुढे चाक फिरवताना तुटते व खऱ्या अपघातात एअरबॅग उघडत नाही. पहिल्या उत्तरात सांगितलेली पद्धत एअरबॅग नसलेल्या गाडीपुरतीच आहे. आपण हे काम अधिकृत सेवा केंद्राकडेच द्यावे.

प्रश्न : नवा स्विच मिळायला आठवडा लागेल असे दुकानदार म्हणतो. तोवर गाडी चालवावी का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२१ नुसार वळताना व थांबताना इशारा देणे चालकावर बंधनकारक आहे. हा इशारा हाताने देता येतो. उजवीकडे वळायचे असल्यास उजवा हात खिडकीबाहेर आडवा सरळ काढून तळवा पुढे ठेवावा. डावीकडे वळायचे असल्यास तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवावा. वेग कमी करायचा असल्यास तळवा जमिनीकडे ठेवून हात वरखाली करावा. इशारा वळण्याच्या बराच आधी द्यावा आणि प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात चाकावर असावेत.

मात्र आजच्या वाहनचालकांपैकी अनेकांना हे इशारे ओळखता येत नाहीत, विशेषतः डाव्या वळणाचा. त्यामुळे गावातल्या गावात, दिवसा आणि कमी वेगात जाण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा. हॅझर्ड लावून गाडी चालवणे हा पर्याय नव्हे. त्याने आपण कोणत्या बाजूला वळणार आहोत हे मागच्याला मुळीच कळत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर आणि अंधार पडल्यावर कुठेही, स्विच बसेपर्यंत गाडी नेऊ नये.